पहिला ट्रॅक डे: रोजची गाडी न्यायची आणि त्याच गाडीने घरी यायचं

ट्रॅक डे म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी ठरावीक वेळेच्या पाळ्यांत, म्हणजे सेशनमध्ये, चालवायचा दिवस; ही शर्यत नव्हे. पुण्याहून निघालात तर एनएच ४८ शेवटपर्यंत सोडावा लागत नाही. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत तोच रस्ता चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला, मद्रासच्या रेस ट्रॅकपाशी पोचवतो. जाताना हजारावर किलोमीटर आणि येताना तितकेच. ट्रॅक डेला येणाऱ्या बहुतेक गाड्या रोज ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅक आणि सेडानच असतात, ट्रेलरवर कोणी आणत नाही. म्हणून गाडीची सगळी तयारी परतीचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवून करा.

एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) यांवर पहिल्या वेळी एक रुपयाही घालू नका. कंपनीच्या ८०-९० बीएचपीच्या गाडीतही ट्रॅक शिकायला दिवस पुरत नाही. पैसे घालायचे ते ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड आणि टायर यांत.

ट्रॅक निवडतानाही हाच विचार करा. कोइमतूरजवळचा करी ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, सरळ पट्टे आखूड, त्यामुळे साध्या गाडीचा वेग फार चढत नाही. नवशिक्याला हा सगळ्यांत सोयीचा. मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचं असून त्याचा मोठा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे, तिथे ब्रेकची खरी परीक्षा होते. चेन्नईत पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि एप्रिल-मे भाजून काढतात. जानेवारी-फेब्रुवारीची तारीख मिळाली तर तीच घ्या.

नाव नोंदवण्याआधी विम्याची पॉलिसी काढून वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर त्यात वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचाच, असं धरून चाला. बॅरिअरचं नुकसान कोणी भरायचं आणि ॲम्ब्युलन्स दिवसभर जागेवर असणार आहे का, हे दोन प्रश्न आयोजकांना आधी विचारा. दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर जाऊ नका.

ब्रेक

१४० च्या वेगातली गाडी पूर्ण थांबवायला ७० च्या वेगातल्या गाडीच्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये शिरते. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखादा लागतो. ट्रॅकवर दर फेरीला तीन-चार वेळा लागतो आणि मध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ४ चं (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत, डब्यावर लिहिलेली असते) नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो. कोकणातले दोन पावसाळे काढलेल्या गाडीच्या ऑइलवर भरवसा ठेवू नका. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पेडल सरळ फ्लोअरपर्यंत जातं. म्हणून ट्रॅक डेच्या आधी महिन्याभरात ऑइल पूर्ण बदला. सीलबंद एक लिटर पुरतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असलं तरी डॉट ४ चालतं. डॉट ५.१ सुद्धा चालतं, पण नुसतं डॉट ५ कधीच घालू नका. ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही.

ऑइल बदलून लाइनमधली हवा काढायचं हे काम, म्हणजे ब्लीडिंग, गॅरेजवाल्याने केलं तरी शेजारी उभे राहा. आधी टाकीतलं जुनं काळपट ऑइल सिरिंजने काढायचं आणि नवं भरायचं. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने एकेक चाक घ्यायचं. ब्रेकवरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवायचं. आत बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल पाव आटा सैल करायचा, ऑइल येऊ द्यायचं, निपल बंद करायचा आणि त्यानंतरच आतल्याने पाय उचलायचा. क्रम चुकला की नळीतून हवा परत आत जाते. नळीत स्वच्छ ऑइल बुडबुड्यांशिवाय दिसेपर्यंत हे चालू ठेवा आणि दर पाच-सहा वेळांनी टाकी भरून घ्या. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल एरवी कधी इतकं खाली जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या तळाकडच्या भागात गंज आणि कचरा असतो. आतला रबरी वॉशर तिथे घासला की फाटतो आणि चांगला ब्रेक ब्लीडिंगनंतर बिघडतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पुढच्या पॅडचा मसाला किमान ६ मिलिमीटर हवा. पातळ पॅडमधून उष्णता लवकर कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत जाते. नवे पॅड घातलेत तर दोन-तीनशे किलोमीटर आधी चालवा आणि मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत दहा-बारा वेळा नीट ब्रेक लावून ते बसवून घ्या. मध्ये गाडी पूर्ण थांबवायची नाही. नव्याकोऱ्या पॅडनी थेट ट्रॅकवर गेलात तर पॅडमधल्या रेझिनचा वायू सुटतो आणि ब्रेक निसटतो. चारही चाकांच्या पॅडची जाडी मोजून वहीत लिहून ठेवा.

ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हांनी जातो आणि पायाला दोन्ही वेगळे कळतात. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली चाललंय, तर ऑइल उकळतंय. अशा वेळी भराभर दोन-तीनदा पंप केला की पेडल थोडं वर येतं, तेवढ्यात गाडी हळू करून घ्या. दोन्हीत उपाय एकच: वेग सोडा, एक फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे, या. खरं म्हणजे इतकं होण्याआधीच पेडलचा प्रवास बोटभर लांबतो. तो लांबला की लगेच थांबायचं, 'अजून एक फेरी' करायची नाही.

टायर, चाकं, बाकीची गाडी

टायरच्या भिंतीवरचा चार अंकी आकडा बघा. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना, कडक झालेला किंवा भिंतीला फुगा-चीर असलेला टायर ट्रॅकवर नेऊ नका. नक्षी किमान ३ मिलिमीटर असावी. पंक्चरचा मश्रूम किंवा दोरी घातलेला टायर पुढे नको, शक्यतो मुळीच नको.

हवेचा गेज स्वतःचा घ्या, पेट्रोल पंपावरच्या गेजचा भरवसा नसतो. सकाळी गार टायरमध्ये दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरा. समजा ती ३३ पीएसआय आहे. पहिल्या सेशनहून परत आल्यावर तीच ३९-४० दिसेल. गरम असतानाच ३५-३६ पर्यंत आणा आणि पुढच्या सेशननंतर पुन्हा बघा. हवा किती काढायची ते टायरच्या खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणावरून कळतं. घासल्याची खूण त्रिकोणाच्याही खाली उतरली असेल तर हवा कमी आहे, खूण त्रिकोणापासून लांब राहिली तर जास्त. खांद्यावर खडूची रेघ मारली की हे लांबूनही दिसतं. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर पुढचा डावा टायर सगळ्यांत आधी झिजतो, त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा.

चाकाचे नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा. पान्यावर उभं राहून आवळलेला नट घट्ट असतोच असं नाही, त्याचा बोल्ट ताणलेला मात्र असतो.

इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, त्यावर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. पेट्रोलचंही तसंच: पाव टाकीच्या खाली वळणात इंजिन धाप टाकतं. ट्रॅकवर ॲव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटरवर येतं, तेव्हा जवळच्या पंपावर टाकी भरूनच आत शिरा. कूलंट गार इंजिनात तपासा, रेडिएटरच्या जाळीतले किडे आणि माती पाण्याने काढा. बॅटरी हाताने हलवून बघा, हलली तर क्लॅम्प आवळा.

मग गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, डिकीतल्या पिशव्या, सीटखालची बाटली, चार्जर, परफ्यूम, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपती आदल्या दिवशी हलक्या हाताने काढून घरी देवघरात ठेवा. जोरदार ब्रेकला चिकटपट्टी सुटते आणि मूर्ती काचेवर आपटते. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट नक्की काढा, ती सरकून ॲक्सिलरेटरवर अडकते. ओढायचा हूक बंपरच्या छोट्या झाकणामागे लावून बघा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, हे घरीच कळलेलं बरं.

तुम्ही

फुल फेस हेल्मेट लागतं. गाडीसाठीचं एसए मानकाचं असेल तर उत्तम. अनेक ठिकाणी बाइकचं आयएसआय फुल फेस चालतं, पण विचारून घ्या. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन नको, आगीत ते कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे आणि लेस नीट बांधलेले.

सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. हेल्मेट घालून छताला डोकं लागतंय का तेही बघा. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडावर हवा.

आदल्या रात्री उशिरा पोचून सकाळी ट्रॅकवर जाऊ नका. एक मुक्काम आधी करा. नाश्ता इडली-पोह्यांइतका हलका. दर सेशननंतर पाणी आणि दिवसातून दोनदा ओआरएस घ्या. तहान लागायच्या आधी लक्ष विचलित होतं.

ट्रॅकवर

सकाळच्या ब्रीफिंगला एक शब्दही चुकवू नका, त्यातले नियम त्या दिवसाचा कायदा असतात. झेंडे पाठ हवेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटकडे. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. काळा म्हणजे पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. चौकड्यांचा म्हणजे सेशन संपलं.

मागची गाडी वेगवान असेल तर सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर थोडा सोडा आणि खिडकीतून हाताने बाजू दाखवा. यात कमीपणा काही नाही, उलट आरशात बघत वळण घेण्याचा ताण जातो.

पहिलं सेशन सत्तर टक्के वेगाने करा, ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा. ब्रेक गाडी सरळ असतानाच लावा, पाय उचला, मग वळा. नजर बॉनेटच्या पुढे नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सगळ्यांत जास्त घोळ एकाच चुकीने होतो: वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा. वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि मागची बाजू फिरते. वेग जास्त वाटला तरी पाय हळूहळू उचला. दोन चाकं डांबराबाहेर गेलीच तर स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग उतरू द्या, झटक्याने परत आणायला गेलात की गाडी आडवी होते. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा.

शेवटची फेरी नेहमी गार करण्यासाठी: वरचा गिअर, हलका पाय, ब्रेक नावालाच. टर्बो गाडी थांबल्यावर एखाद मिनिट आयडलवर ठेवा. पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागे डिस्क असतील तर तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे लाकडी गुटका लावा. ब्रेक पेडलवर पाय ठेवून गप्पा मारत बसू नका, कारण तेच.

दुपारनंतर दमल्यासारखं वाटलं तर शेवटचं सेशन सोडा, पैसे भरलेले असले तरी.

परत निघताना

संध्याकाळी टायर गार झाले की हवा पट्टीवरच्या आकड्याला परत भरा. ट्रॅकवर काढलेली हवा विसरून हायवेला लागणं ही नेहमीची चूक आहे. इंजिन ऑइल तपासा, नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा, स्टेपनी आणि जॅक जागेवर ठेवा. त्या रात्री तिथेच मुक्काम करा. सकाळी निघाल्यावर पहिले पन्नास किलोमीटर स्पीडोमीटरवर लक्ष असू द्या, दिवसभराच्या वेगानंतर १०० सुद्धा ६० वाटतात.

घरी आल्यावर पॅड पुन्हा मोजा. वहीत आधीचा आकडा ९ आणि आताचा ६.५ असेल तर एका दिवसात अडीच मिलिमीटर गेले. पुढच्या ट्रॅक डेआधी नवे पॅड लागणार, हे त्या क्षणी ठरलं. दिवसभरात पेडल एकदाही मऊ झालं असेल तर ऑइलही पुन्हा बदला, एकदा उकळलेलं ऑइल गार झाल्यावर पूर्ववत होत नाही.