खाण कंपनीची ‘ड्रुइड पेनी’ : संग्रहाला सुरुवात कशी करावी

वेल्समधल्या अँगलसी बेटावर १७६८ साली तांब्याचा प्रचंड साठा सापडला. इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणं थांबवलं होतं. बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता आणि मजुरी द्यायला सुटे पैसे मिळत नव्हते. मग १७८७ मध्ये हा साठा खणणाऱ्या पॅरीस माइन कंपनीने स्वतःच्या तांब्याची पेनी काढली. खाणकंपन्यांची टोकन, म्हणजे खासगी कंपन्यांनी काढलेली अशी नाणी, जमवायची असतील तर आरंभ इथूनच करा. सगळंच थोडं थोडं घेत गेलात तर हाती नुसता ढीग उरतो.

आधी नाणं ओळखायला शिका. एका बाजूला ओकच्या पानांच्या वेढ्यात डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, असतो, दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं आणि पेनी देण्याचं वचन.

खरी परीक्षा मात्र कडेची. लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे मागताक्षणी पैसे मिळतील, असा मजकूर कडेवर गोल फिरवलेला असतो. दहापट भिंगाखाली तो पूर्ण वाचा. मग वजन करा. सुरुवातीची पेनी जवळजवळ एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास भरते. हे टोकन लोकप्रिय झाल्याबरोबर त्याच काळात त्याच्या हलक्या नकलाही निघाल्या. म्हणून विक्रेत्याकडून कडेचा फोटो आणि वजन मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मला ही अट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पुढची पायरी प्रकार लावण्याची. डाल्टन आणि हॅमर यांच्या अठराव्या शतकातल्या टोकनांच्या सूचीतला क्रमांक शोधा. ओकची फळं आणि पानं मोजूनच कितीतरी प्रकार वेगळे होतात. वेळ लागतो, पण या छंदातला खरा आनंद मला तरी यातच वाटतो.

चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. तांब्याचा जुना तपकिरी रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि किंमतही उतरते. पीव्हीसीची पाकिटं टाळा, मायलरची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) घ्या. हिरवी भुकटी धरलेलं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढून कोरड्या जागी ठेवा.

ड्रुइडवर हात बसला की कॉर्नवॉलच्या खाणींच्या १८११-१२ च्या पेनी पाहा. मुंबई इलाख्याची नाणी जमवणाऱ्यांनी १७९१ चे तांब्याचे पैसेही शेजारी ठेवावेत; ते बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत पडलेले आहेत.