काढून कसं टाकायचं, तेही लिहा

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात शिरायचं तर कोडिंगच आलं पाहिजे, असं आमच्या आर्वी तालुक्यातली बहुतेक पोरं धरून चालतात. मी कोड फारसा लिहित नाही. मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे कुणीही वापरावं आणि सुधारावं अशा प्रोग्रामांची, इन्स्टॉलेशनची पानं तपासतो, चुकलेलं दुरुस्त करतो, राहिलेलं लिहितो, आणि तेही गावातच बसून. या कामाला माणसं कमी पडतात, म्हणून नव्यानं येणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

ही पानं लिहिणाऱ्याच्या टेबलावर बहुधा नवा लॅपटॉप असतो. आपल्याकडच्या सेतू केंद्रात जुनं मशीन, त्यावर तिघांचा हात, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि दुपारी लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही. 'डाउनलोड करा आणि नेक्स्ट दाबत जा' एवढ्यानं इथं भागत नाही. फाईल किती एमबीची आणि कोणत्या विंडोजवर चालेल, हे पानाच्या अगदी वर पाहिजे. लिब्रेऑफिसचंच घ्या, पत्रं-तक्ते करायचं मुक्त सॉफ्टवेअर. २५.८ या आवृत्तीपासून ते विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. तीनशे एमबीच्या वर डेटा खर्चून झाल्यावर हे कळलं तर माणूस वैतागणारच.

शिकायचं कसं? कुणीतरी पान वाचून इन्स्टॉल करत असेल तर शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हेच सगळ्यात अवघड आहे. एका केंद्रातली ताई माझ्यासमोर असंच करत होती. इन्स्टॉलरवर डबल क्लिक केलं आणि विंडोजनं निळी चौकट दाखवली, 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी'. खाली बटण एकच, 'डोन्ट रन'. तिनं ते दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं, "भाऊ, हे तं नाही म्हणून रायलं. आता?" पुढे जायचं बटण 'मोअर इन्फो'वर क्लिक केल्याशिवाय दिसतच नाही, आणि पानात या चौकटीचा उल्लेखही नव्हता. पण नुसतं 'मोअर इन्फो दाबा' असं लिहून मोकळं होऊ नका. आधी फाईलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, अधिकृत पानावरच्या आकड्याशी ताडून बघायला सांगा. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयूटिल' (certutil) ही कमांड आहे, लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम' (sha256sum). आकडा जुळला तरच पुढे. अर्धवट उतरलेली फाईलही यातच पकडली जाते, आणि आपल्याकडे ती भीती रोजची.

आता अनइन्स्टॉल. बहुतेक पानांत त्याला एक ओळ असते, कित्येकांत तीही नसते. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत. गर्दी नाही आणि लिहिण्यासारखं भरपूर.

लिब्रेऑफिस बिघडलं की लोक ते काढून पुन्हा टाकतात. बिघाड मात्र जसाच्या तसा. कारण वापरकर्त्याची प्रोफाइल, म्हणजे त्याची सेटिंग, वेगळ्याच फोल्डरमध्ये असते आणि प्रोग्राम काढला तरी ती जागची हलत नाही. बैल विकला तरी खुंट्याला दावं राहतंच, तसं. अशा वेळी 'हेल्प' मेनूतून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या साध्या रूपात) सुरू करून प्रोफाइल पूर्ववत करता येते, पुन्हा डाउनलोड करण्यात इंटरनेटचा एक एमबीही जात नाही. पण त्याच प्रोफाइलमध्ये टायपिस्टनं वर्षानुवर्षं भरलेले मराठी शब्द, ऑटोकरेक्ट आणि अर्जांचे नमुने असू शकतात. म्हणून 'प्रोफाइल डिलीट करा' असं सरळ लिहिणं धोक्याचं. आधी फोल्डरचं नाव बदलून ठेवायला सांगा.

उबुंटूत, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारात, 'ॲप्ट रिमूव्ह' (apt remove) ही कमांड दिली की प्रोग्राम जातो, 'इटीसी' (/etc) फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाईली राहतात. 'पर्ज' (apt purge) केलं की त्याही जातात, पण होम फोल्डरमधलं काही दोन्हींत जात नाही. हा फरक पानात हवा. आणि 'ॲप्ट-गेट' (apt-get) कमांडला '-एस' (-s) जोडून आधी रंगीत तालीम करायला सांगा, म्हणजे सोबत काय काय जाणार ते दिसतं. उबुंटूचे बरेच भाग ज्यावर चालतात ते पायथन-३ काढायला गेलेल्या माणसाचा अख्खा डेस्कटॉप गेल्याचे किस्से उगाच नाहीत.

सराव घरच्या मशीनवर करू नका, घरचे शिव्या घालतील. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोरं विंडोज किंवा उबुंटू टाकून स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा. इन्स्टॉल करा, काढा, काय उरलं ते शोधा, परत स्नॅपशॉटवर या. रॅम ८ जीबी असेल तर बरं. ४ जीबीवर रडतखडत चालतं.

पैशाचं विचाराल तर सुरुवातीला काही नाही. पण टेक्निकल रायटरच्या नोकरीला गेलं की आधी नमुने मागतात, आणि गिटहबवर, म्हणजे अशी सॉफ्टवेअर आणि त्यांची पानं जिथं मिळून सुधारतात त्या वेबसाइटवर, तुमच्या नावानं स्वीकारलेला बदल दाखवता येतो. इंग्रजी साधंच लागतं, 'हे करा, मग हे दिसेल' एवढं. पहिल्यांदा अख्खं पान बदलायला जाऊ नका, तपासणाऱ्याला एवढं वाचायला वेळ नसतो. एकच परिच्छेद पाठवा. सोबत कोणती आवृत्ती, कोणत्या सिस्टीमवर, कोणत्या तारखेला तपासली ते लिहा आणि काढल्यानंतर उरलेल्या फोल्डरचा स्क्रीनशॉट जोडा. उत्तर आठवडाभर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करून द्या. तोवर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं पान उघडा.