खरीप सल्ला : आकाशातली वाफ आणि जमिनीतला वाफसा

जूनच्या सुरुवातीला वळवाचा एखादा दणका बसतो, तिफणी बाहेर निघतात, मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. अशा वेळी हात आवरायला एक आकडा उपयोगी पडतो : आपल्या डोक्यावरच्या हवेत एकूण बाष्प किती आहे. जीपीएस, नाविक अशा दिशादर्शक उपग्रहांच्या संकेतांवरून तो मोजता येतो.

उपग्रहाचा संकेत हवेतून येताना किंचित रेंगाळतो. अंतरात सांगायचे तर समुद्रसपाटीला कोरड्या हवेमुळे ही दिरंगाई सुमारे २.३ मीटर असते आणि हवेच्या दाबावरून ती वजा करता येते. उरते ती बाष्पाची दिरंगाई : हिवाळ्यात दहा सेंटिमीटरच्या आसपास, भर पावसाळ्यात ३५ ते ४०. ती मिलिमीटरमध्ये घेऊन साधारण ६.४ ने भागा. ३२० मिमी दिरंगाई म्हणजे ५० मिमी बाष्प, म्हणजेच एका एकरावर अधांतरी असलेले सुमारे दोन लाख लिटर पाणी. एवढे पाणी वर असूनही पाऊस पडेलच असे नाही. हवा वर उचलली गेली नाही तर पर्जन्यछायेतल्या तालुक्यांवरून ते तसेच पुढे जाते. म्हणून बाष्प कमी असेल तर थांबा, पण जास्त आहे एवढ्यावरून घाई करू नका.

हवेतले बाष्प मोजणारा हवामानाचा फुगा सहसा दिवसातून दोनदाच सोडतात, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. उपग्रह संकेतांचे केंद्र मात्र ढग असोत वा पाऊस, अहोरात्र मोजत राहते. हवामान खात्याची अशी केंद्रे देशात आहेत, पण विरळ. जपानमध्ये साधारण वीस किलोमीटरवर एक याप्रमाणे सुमारे १३०० केंद्रे आहेत. आपल्याकडच्या बाष्पाच्या नकाशात तुमच्या गावावर दिसणारा रंग बहुधा दूरच्या केंद्रांवरून बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे रंगापेक्षा जवळच्या केंद्राचा आलेख पाहा.

आलेख पाहताना त्याच केंद्राचे मागचे चार-पाच दिवस समोर ठेवा. वळवाच्या सरीआधी काही तासांत आकडा झपाट्याने चढतो आणि कोरडी हवा आली की तितक्याच लवकर घसरतो. मोसमी वारे स्थिरावले की तो सहसा चढलेलाच राहतो. एका दुपारचा उंच आकडा पेरणीसाठी कामाचा नाही. मात्र दुपारी आकडा चढतोय आणि ढग उभे वाढताहेत असे दिसले तर फवारणी थांबवा, उघड्यावरचा कांदा झाका आणि विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप पाहा.

रत्नागिरी आणि पुण्याचे आकडे एकमेकांशी ताडू नका. बहुतेक बाष्प खालच्या दोन-तीन किलोमीटरांत असते आणि पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथला आकडा मुळातच कमी येतो. दाबाची चूक याहून वाईट. दाब १ हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचे एकक) चुकला तर बाष्प सुमारे ०.३५ मिमीने चुकते. पुण्यासारख्या ठिकाणी केंद्रावरच्या दाबाऐवजी हिशेबाने समुद्रसपाटीला आणलेला दाब वापरला गेला तर जवळपास ६० हेक्टोपास्कलचा फरक पडतो आणि बाष्प तब्बल २० मिमीने कमी दिसते. कृषी महाविद्यालय किंवा शेतकरी कंपनी स्वतःचे केंद्र बसवणार असेल तर दाबमापक अँटेनाच्या उंचीलाच हवा. नऊ मीटरांचा फरकही साधारण १ हेक्टोपास्कल पडतो. दोन वारंवारितांचा रिसीव्हर घ्या आणि अँटेना पत्र्याच्या शेडपासून दूर, मोकळ्या आकाशाखाली बसवा. पत्र्यावरून परावर्तित झालेला संकेत मोजमाप बिघडवतो.

पेरणीचा अंतिम निर्णय जमिनीवरच घ्यायचा. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ द्या. वीतभर खणून मूठभर माती दाबा : गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल चिकटता कामा नये. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरते, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. पाऊस पुरेसा झालाय, पण बाष्प रोज उतरतेय, अशी स्थिती असेल तर मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला येईपर्यंत थांबा. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत वाव असतो.