बाजरीतला टारफुला: उपटायचा कधी आणि पेरायचं काय

वावर ओलं आहे, पाऊस पण झालाय आणि तरी बाजरीचा एखादा पट्टा दुपारी मान टाकतो, पिवळा पडतो, वाढ खुंटते. मालेगाव, येवला, सिन्नरकडच्या हलक्या जमिनीत असं दिसलं की आधी बुडाशी बघा, युरियाची गोणी नंतर फोडा. वीतभर उंच, अरुंद खरबरीत पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं झाड दिसलं तर तो टारफुला, पिकाच्या मुळावर जगणारं तण.

खात्री करायची असेल तर नुसतं ओढू नका, तुटतं ते. बाजरीचं ताट आणि टारफुला दोन्ही मातीच्या गड्ड्यासकट खुरप्याने काढा, बादलीत भिजू द्या, माती सुटली की टारफुल्याचा पांढरा कोंब बाजरीच्या मुळालाच चिकटलेला दिसेल. तो वर यायच्या आधी काही आठवडे आत बसून रस ओढत असतो, म्हणजे तुम्हाला दिसेपर्यंत यंदाचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

मग उपटायचा कशाला? बियांसाठी! एका झाडाला हजारोंनी बी येतं, धुळीसारखं बारीक, आणि मातीत 10 वर्षांहून जास्त टिकतं. म्हणून फुलं यायच्या आत उपटा, एकदा उपटून भागत नाही, मागून नवीन निघत राहतो, काढणीपर्यंत चक्कर मारत राहा. फुलावर आलेला असेल तर बांधावर टाकू नका, वाळवून जाळा. जनावरांना तर घालूच नका, बी शेणातून जिवंत बाहेर पडतं आणि शेणखताबरोबर परत वावरात.

टू-फोर-डी हे तणनाशक मारून वर आलेला टारफुला जळतो हे खरंय, पण आपल्या नाशकात शेजारी द्राक्षबाग असते ना, वाऱ्याने थोडी जरी वाफ गेली तरी बागेची पानं आखडतात, टोमॅटो आणि कपाशीचं पण तेच, आणि बाजरीत तूर-मूग घेतला असेल तर तो पण गेला. माझं मत विचाराल तर बागेच्या आसपास हे औषध नकोच.

खरा इलाज फेरपालट, म्हणजे त्या वावरात पीक बदलून घेणं. टारफुल्याचं बी मुळातून सुटणाऱ्या रसायनाचा वास लागल्याशिवाय उगवत नाही. सोयाबीन, भुईमूग, चवळी, कपाशी यांच्या मुळांनाही ते फसून उगवतं, पण चिकटता येत नाही आणि उपाशी मरतं. बाजरीनंतर मका घेऊन फेरपालट केली म्हणू नका, मका, ज्वारी, ऊस सगळे त्याचेच यजमान, त्यांच्या मुळांवरही तो जगतो.

जमीन भुकेली असली की पिकाची मुळं ते रसायन जास्तच सोडतात, त्यामुळे कुजलेलं शेणखत आणि नत्र हप्त्याहप्त्याने वेळेवर द्या. भाड्याचा रोटाव्हेटर वावरात घ्यायच्या आधी त्याची माती झाडून-धुवून घ्या, आणि कडबा-सरमाड विकत आणताना कुठल्या गावचं आहे ते विचारा, नाहीतर टारफुल्याचं बी त्यातूनच वावरात येईल.