हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश बंद? या चुका टाळा

विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे डबा झाला की मुलांची तोंडं पाहायची सवयच लागली आहे. हिरड्या लालभडक, फुगलेल्या दिसल्या की घरी विचारते. उत्तर बहुतेकदा एकच येतं: "ब्रश लावला की रक्त येतं हो ताई, म्हणून सध्या नुसत्या चुळा."

इथेच घात होतो. हिरडीच्या कडेला चिकट थर साचतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी रक्ताळते. ब्रश थांबवला की थर आणखी वाढतो. मऊ ब्रश दात आणि हिरडी मिळतात तिथे जरा तिरका धरून, हलक्या हाताने दिवसातून दोनदा फिरवा. एक-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर डॉक्टरांना दाखवा. आणि आजी कितीही म्हणाली तरी मिसरी नको. तो तंबाखू आहे.

दुसरी चूक मायेपोटी होते: "त्याचं तो करतो." स्वावलंबनासाठी आम्हीही वर्गात झटतो, पण बारा वर्षांच्या मुलाचाही ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचेलच असं नाही. आधी त्याला करू द्या, मग तुम्ही फिरवा. समोरून दरडावलं की मूल दात आवळतं. त्याला खुर्चीत बसवा, मागे उभं राहून डोकं आपल्या अंगाशी टेकवून घ्या. सुरुवातीला दहा आकडे मोजेपर्यंतच. रोज तीच वेळ, तोच क्रम. थुंकता येत नसेल तर पेस्ट अगदी थोडी घ्या आणि उरलेली ओल्या कापडाने टिपा. दातांमध्ये बोट मात्र घालू नका, चावा जोरात बसतो.

गालात पोळीचा घास तसाच राहतो, तोही बघा. गोड सिरपनंतर पाणी पाजा.

फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या वाढून दातांवर चढू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. फिटच्या आणि दातांच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हिरड्यांचा आजार लवकर आणि झपाट्याने वाढतो, म्हणून दुखायची वाट पाहू नका.

पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला अशी डेंटल कॉलेजं आहेत. तिथे लहान मुलांच्या दातांचा विभाग विचारा. मूल ताजंतवानं असतं ती वेळ मागून घ्या. पहिल्या खेपेला नुसतं खुर्चीत बसवून परत आणलंत तरी चालेल.