इंग्लिश घराण्याची वंशावळ कशी काढावी: १८३७ चा उंबरठा ओलांडताना

माझं सासर इंग्लंडमधलं, विल्टशर परगण्यातल्या शेतमजुरांचं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा सासूबाईंनी जुन्या कागदांनी भरलेला बिस्किटांचा डबा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, यातलं काय लागतंय ते बघ. तेव्हापासून सासरची, मैत्रिणींच्या सासरची आणि ओळखीपाळखीच्यांची मिळून चौदा घराणी मी लावली. या विषयावर जे सल्ले फिरतात त्यातले बरेचसे माणसाला वर्षानुवर्षं भलत्याच पूर्वजांच्या मागे धाडतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे प्रत्येक नोंदीत एक पिढी आयती जोडलेली मिळते. इंग्लंडमध्ये तसं नाही. नाव, आडनाव, संपलं. शिवाय नावं मोजकीच: विल्यम, जॉन, थॉमस, मेरी, एलिझाबेथ. एका गावात एकाच आडनावाचे तीन विल्यम असणं ही रोजची गोष्ट. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत जशी अख्खी वंशावळ हाती येते, तशी वही तिथे कुणी ठेवलेली नाही. प्रत्येक दुवा स्वतः सिद्ध करावा लागतो.

आणि आडनावाचं कुलचिन्ह म्हणून चौकटीत घालून जे विकतात ते घेऊ नका. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वारसांकडे जातं. अख्ख्या आडनावाचं असं कुलचिन्ह नसतं.

आजपासून १८३७ पर्यंत

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, कागद गोळा करा, मग एकेक पिढी मागे जा. हा टप्पा सोपा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद आहे. स्कॉटलंडची नोंद १८५५ पासूनची, आणि तिचं दप्तरही वेगळं. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर या नोंदींची सूची फुकट बघायला मिळते. प्रमाणपत्राची प्रत जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून मागवायची.

सूचीतलं वर्ष तिमाहीचं असतं, आणि ते नोंदणीचं असतं, जन्माचं नाही. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या सूचीत, सापडू शकतं. १८७५ च्या आधीची एखादी जन्मनोंद मिळालीच नाही तर घाबरू नका; नोंद न केल्याबद्दल पालकांना दंड त्या वर्षापासून सुरू झाला. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे. तो रकाना कोरा दिसला तर आईबापांचं लग्न झालेलं नसण्याची शक्यता मोठी.

लग्नाचं प्रमाणपत्र मात्र पैसे देऊन मागवाच. त्यावर नवरा आणि नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. (आयांची नावं यायला २०२१ उजाडावं लागलं.)

सोबत जनगणना बघत चला. १८४१ पासून दर दहा वर्षांची, नावानिशी. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली, त्यामुळे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. नातंही लिहिलेलं नाही. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव दोन्ही मिळतं. १९२१ नंतर मोठी पोकळी आहे: १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत गेले आणि १९४१ ला महायुद्धामुळे गणना झालीच नाही.

माणसाची एकच जनगणना बघून थांबू नका. तो जिवंत असतानाच्या सगळ्या बघा. हे मी का सांगते ते पुढे येईल.

१८३७ च्या पलीकडे

इथे मी अडकले, आणि माझ्यानंतर ज्यांना ज्यांना मदत केली ते सगळे इथेच अडकले. सरकारी नोंदी संपतात आणि पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या वह्या सुरू होतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने या वह्या सुरू झाल्या. काही गावांत तेव्हापासूनच्या आहेत, पुष्कळ ठिकाणी सुरुवातीची पानं हरवली आहेत, आणि १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात तर भोकंच भोकं.

माझ्या सासऱ्यांचा एक पूर्वज विल्यम. १८५१ च्या जनगणनेत वय ३७, शेतमजूर, जन्मगाव लिहिलेलं. त्या गावच्या वहीत १८१४ चा बाप्तिस्मा मिळाला: विल्यम, थॉमस आणि मेरी यांचा मुलगा. नाव जुळलं, गाव जुळलं, वर्ष जुळलं. मी तो थॉमस वंशावळीत घातला आणि त्याच्या मागे मागे सतराव्या शतकापर्यंत गेले. चौदा महिने त्यात घातले. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला मोठा तक्ता छापून दिला.

मग एका संध्याकाळी भलतंच काही शोधताना त्याच गावची दफनाची वही उघडली. १८१३ पासून या वह्या छापील रकान्यांच्या झाल्या. दफनात नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख आणि वय येतं. १८१६ च्या पानावर ओळ होती: विल्यम, तेच आडनाव, तेच गाव, वय २ वर्षं. माझा पूर्वज दोन वर्षांचा असताना मेला होता आणि तरी मी त्याला सात मुलं दिली होती.

म्हणून माझा नियम असा, आणि यात मी सूट देत नाही: बाप्तिस्मा सापडला की आधी त्या मुलाला दफनाच्या वहीत शोधा. तिथे नसेल तर त्याचं दुसरं कुणाशी लग्न झालं का ते बघा. तो दुसऱ्या कुणाचा पूर्वज नाही, हे कळल्याशिवाय त्याला आपला म्हणू नका. आजूबाजूच्या पाच मैलांतल्या सगळ्या पॅरिश बघा. वंशावळीची संकेतस्थळं पडद्यावर हलतं पान दाखवून ‘हा तुमचा पूर्वज असू शकतो’ असं सुचवतात. त्यावर टिचकी मारून पुढे जाऊ नका. दुसऱ्याच्या वंशावळीतून नक्कल करणं तर त्याहून वाईट. माझा चुकीचा थॉमस आज निदान सहा जणांच्या झाडांत, म्हणजे ऑनलाइन वंशावळींत, आहे. मी प्रत्येकाला लिहिलं. एकानेच बदललं.

खरा विल्यम कसा मिळाला ते सांगते, कारण पद्धत तीच वापरायची आहे.

त्याचं लग्न ऑक्टोबर १८३६ चं, म्हणजे सरकारी नोंद सुरू व्हायच्या नऊ महिने आधीचं. वडिलांचं नाव नाही. पण १७५४ पासून लग्नाच्या वहीत नवराबायकोच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात, आणि लोक त्या वाचतच नाहीत. इथे एक साक्षीदार होती ॲन, आडनाव विल्यमचंच. तिला लिहिता येत नव्हतं. लेखनिकाने नाव लिहिलं आणि मधे तिने फुली मारली. फुलीचा एक पाय शाई जास्त झाल्यामुळे फेंदारला आहे. ॲन बहीण असावी असं धरलं आणि तिचं लग्न शोधलं. ते १८३९ चं निघालं, म्हणजे प्रमाणपत्रावर वडील असणारच. होते: जॉन, मेंढपाळ. थॉमस नव्हे.

मग १८६१ ची जनगणना उघडली, जी मी आधी बघितलीच नव्हती. त्यात विल्यमने जन्मगाव वेगळं सांगितलं होतं, सात मैलांवरचं. त्या गावच्या वहीत दोन्ही बाप्तिस्मे मिळाले: जानेवारी १८१४ चा विल्यम, १८१७ ची ॲन, वडील जॉन.

शेवटचा पुरावा चिपनमला मिळाला, विल्टशर अँड स्विंडन हिस्ट्री सेंटरमध्ये. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाची जबाबदारी एका ठरावीक पॅरिशवर असे. दुसऱ्या गावात तो मदतीवर आला, किंवा १७९५ पर्यंत नुसता येईल असं वाटलं, की दोन मॅजिस्ट्रेटच्या सहीने त्याला कुटुंबासह परत धाडत. तो रवानगीचा हुकूम माझ्या समोर होता. १८१९. जॉन, त्याची बायको, ‘विल्यम वय ५, ॲन वय २’. पाच वर्षांच्या पोराला घरदार उचलून वडिलांच्या मूळ गावी पाठवलं, तो तिथेच वाढला, आणि ३७ व्या वर्षी सरकारी माणसाने विचारल्यावर तेच गाव आपलं म्हणून सांगितलं. त्या कागदावर हात ठेवून मी बराच वेळ बसले होते.

तेव्हा पूर्वज गरीब असतील तर परगण्याच्या अभिलेखागारात जा आणि पॅरिशची चर्चबाहेरची दप्तरं मागा: वसतीची चौकशी (माणूस कुठल्या पॅरिशच्या जबाबदारीचा ते ठरवणारी), रवानगीचे हुकूम, लग्नाबाहेरच्या मुलांच्या बापांकडून लिहून घेतलेली हमीपत्रं. यातलं पुष्कळसं ऑनलाइन नाही. पैसेवाले असतील तर मृत्युपत्रं बघा. १२ जानेवारी १८५८ च्या आधीची चर्चच्या कोर्टांत होत, आणि कँटरबरीच्या मुख्य कोर्टातली आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. घराणं बाप्टिस्ट वगैरे पंथांचं असेल तर त्यांच्या चॅपलच्या जमा झालेल्या वह्याही तिथेच.

१७५२ च्या आधीच्या तारखांत एक खोच आहे: वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत १० फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. हे न कळल्याने लग्नाआधी मूल झालं असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत.

आता खाली, वंशजांकडे

पूर्वजांचे वंशज शोधणं तुलनेने सरळ आहे. १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून फ्रीबीएमडीवरच्या जन्मसूचीतही आईचं माहेरचं आडनाव येतं, त्यामुळे दोन आडनावांची जोडी घालून एका जोडप्याची सगळी मुलं निघतात. दोन्ही आडनावं फार प्रचलित असतील तर जिल्हा बघून गाळा. १९११ च्या जनगणनेत विवाहित बाईने त्या वेळच्या लग्नात किती मुलांना जन्म दिला आणि किती जगली हा आकडा आहे. तो जुळेपर्यंत थांबू नका.

मुली लग्नानंतर हरवतात. त्यासाठी सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, म्हणजे महायुद्ध सुरू होताच केलेली देशातल्या माणसांची नोंद. ते पुढे आरोग्यसेवेसाठी वापरात राहिलं, त्यामुळे नंतर लग्न झालेल्या बाईच्या आडनावावर काट मारून नवं आडनाव वर लिहिलेलं सापडतं. शंभर वर्षांच्या आतल्या ज्यांचा मृत्यू नोंदलेला नाही त्यांच्या ओळी झाकलेल्या असतात.

एखादी फांदी अचानक नाहीशी झाली की हिंदुस्थानात बघा. माझ्या विल्यमचा एक नातू १८८१ नंतर इंग्लंडच्या कुठल्याच कागदात नव्हता. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यातला फिटर, म्हणून आपल्याकडच्या रेल्वेत शोधलं. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत आणि बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावरही. तो इगतपुरीला मिळाला, दोन मुलींच्या बाप्तिस्म्यांसकट. माझं माहेर नाशिकचं. सुट्टीत मुंबईला जाताना त्या स्टेशनवर आम्ही दर वेळी वडा घ्यायचो.

हयात वंशजांना फोन करू नका, पत्र लिहा, आणि त्यांची नावं सार्वजनिक झाडावर त्यांच्या परवानगीशिवाय चढवू नका. पत्रासोबत एखाद्या मूळ नोंदीची प्रत जोडा. इगतपुरीतल्या धाकटीच्या नातवाला मी बाप्तिस्म्याचं पान पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आत एक फोटो होता, आणि मागे पेन्सिलीने घरातल्या सगळ्यांची नावं.