‘रिलिंक्विश’ तोडायचा कुठे, अर्थ लावायचा कसा

परवा म्हापशाहून भाच्याने दस्ताचा मसुदा व्हॉट्सॲपवर धाडला. ओळ संपताना ‘रिलिंक्विश’ (relinquish) या इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे झाले होते: क्यू वरच्या ओळीत, यू खालच्या. वाटणीच्या कागदात मोडायला नेमका हाच शब्द सापडावा!

आधी तोडण्याची रीत. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणा: रि-लिं-क्विश. हनुवटी तीनदा खाली येते, म्हणजे तुकडे तीन. आता अक्षरे वाटा: आर-ई, मग एल-आय-एन, मग क्यू-यू-आय-एस-एच. क्यू-यू मिळून एकच ‘क्व’ होतो, एस-एच मिळून ‘श’. या जोड्या फोडायच्या नाहीत. ओळीच्या शेवटी दोनच अक्षरे लोंबकळत ठेवण्यापेक्षा ‘लिं’नंतर तोडलेले बरे. छोटी आडवी रेघ वरच्या ओळीच्या शेवटी येते, खालच्या ओळीच्या सुरुवातीला नव्हे. ‘मेंट’ जोडले असेल तर त्याच्याआधीही तोडता येते. पण दस्तात शब्द तोडूच नये, अख्खा खालच्या ओळीत न्यावा, असे माझे मत.

आता अर्थ. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे टाकून जाणे. ‘सोडणे’ एवढ्यावर भागत नाही. व्याख्या करताना विचारा: कोण सोडतो, काय सोडतो, राजीखुशीने का, आणि सोडलेले जाते कुठे? मग वाक्य जुळते: स्वतःचा असलेला हक्क समजून-उमजून, स्वखुशीने सोडणे. ‘असलेला’ हा शब्द गाळू नका. आईवडील हयात असताना त्यांचा वारसाहक्क सोडता येत नाही, कारण तो अजून मिळालेलाच नसतो.

शेवटच्या प्रश्नावर गोव्यात खरी गल्लत होते. महाराष्ट्रातल्या हक्कसोडपत्रात बहीण भावाचे नाव घालून मोकळी होते. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा. 2016 पासून लागू झालेला गोव्याचा वारसा कायदाही त्याच वाटेचा. इथे वारसाने सोडलेला वाटा सामाईक मिळकतीत परत जातो, म्हणजे उरलेल्या सगळ्या वारसांकडे, एकट्या भावाकडे नव्हे. एकालाच द्यायचा असेल तर ते देणे झाले, त्याचा दस्त वेगळा. हक्क सोडण्याचा दस्त स्पेशल नोटरीपुढे (गोव्यात असे दस्त करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) होतो, आणि नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक, म्हणून जोडीदाराची संमतीही लागते.

भाच्याने रेघ लगेच दुरुस्त केली. पण मसुद्यात ‘थोरल्या भावाच्या नावे’ असेही होते. ते घेऊन तो वकिलाकडे गेलाय.